फेरारीचा घोडा आणि सेनिओकाठचे मराठे

फेरारी म्हटले की लाल गाडी आणि पिवळ्या ढालीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा आठवतो. आपल्या मुलांच्या टी-शर्टवर, दप्तरावरही तो दिसतो. हा घोडा ज्या गावचा, त्या गावाच्या वेशीशी आपल्या मराठा पलटणीने रक्त सांडले आहे. सभासदांना हे माहीत असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

एन्झो फेरारी यांचा जन्म १८९८ साली उत्तर इटलीतल्या मोदेना शहरात झाला. आधी ते अल्फा रोमिओच्या गाड्या शर्यतीत चालवत. १९२३ मध्ये रावेन्नाजवळची शर्यत त्यांनी जिंकली आणि तिथे बाराक्का कुटुंबाशी ओळख झाली. फ्रांचेस्को बाराक्का हा पहिल्या महायुद्धातला इटलीचा सर्वांत नामवंत वैमानिक, लुगो गावचा. मूळचा तो घोडदळातला, म्हणून विमानावर घोडा रंगवलेला. १९१८ मध्ये तो युद्धात पडला. त्याच्या आईने ‘हे चिन्ह गाडीवर लावा, यश येईल’ असे सुचवले, असे फेरारी सांगत. घोड्यामागचा पिवळा रंग मोदेना शहराचा.

१९२९ मध्ये फेरारींनी स्वतःचा शर्यतसंघ काढला. १९४३ मध्ये कारखाना मोदेनाहून जवळच्या मारानेल्लोला हलवला, पण तिथेही बॉम्ब पडले. युद्धानंतर तो पुन्हा उभा राहिला आणि १९४७ मध्ये ‘१२५ एस’ ही फेरारी नावाची पहिली गाडी बाहेर पडली. त्याच वर्षी तिने रोमची शर्यत जिंकली.

या आकड्याचा अर्थ सोपा आहे. इंजिनात बारा सिलिंडर, प्रत्येक १२५ सीसीचा, म्हणजे एकूण दीड लिटर. १९६२ च्या ‘२५० जीटीओ’चे इंजिन याच हिशेबाने तीन लिटरचे. ही गाडी जेमतेम तीन डझन बनली. आज तिची गणना जगातल्या सर्वांत महाग जुन्या गाड्यांत होते. इतर कंपन्या गाड्या खपाव्यात म्हणून शर्यतीत उतरत. फेरारी शर्यतीचा खर्च निघावा म्हणून गाड्या विकत. जुन्या फेरारींचे मोल आहे ते यामुळे.

१९५१ मध्ये इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोनला फेरारीने फॉर्म्युला वनची पहिली शर्यत जिंकली. त्याच सिल्व्हरस्टोनला २००२ मध्ये मायकेल शूमाकरने आपल्या सचिन तेंडुलकरला फेरारी भेट दिली. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दलची ही भेट. गाडीचे नाव ‘३६० मोदेना’, म्हणजे फेरारींचे जन्मगाव.

आता बाराक्काच्या लुगोकडे पुन्हा वळू. गावाजवळून सेनिओ नदी वाहते. ९ एप्रिल १९४५ रोजी जर्मन फौजा तिच्या उंच बांधांवर मशीनगन लावून बसल्या होत्या. हल्ला करणाऱ्यांत मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. अहमदनगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून गोळीबारातून, खोल पाण्यातून पलीकडे नेले. परत येऊन मशीनगनची ठाणी एकामागून एक बंद पाडली. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून हातबॉम्ब फेकले. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्याच दिवशी लुगो मुक्त झाले.

या रेजिमेंटचे केंद्र आपल्या बेळगावात आहे. सीमाभागातल्या अनेक गावांतले जवान तिच्यात होते आणि आजही आहेत. ज्यांच्या घरी इटलीच्या मोहिमेतली पदके, पत्रे किंवा फोटो असतील, त्यांनी ते जपावेत आणि मंडळाला दाखवावेत. मुलांना फेरारीचा घोडा ठाऊक आहेच. सेनिओकाठी लढलेल्या आपल्या माणसांची नावेही ठाऊक व्हावीत, एवढीच आमची इच्छा.