कोर्ट व्हिसा देत नाही

कॅनडाचा स्टडी परमिट नाकारला गेला की नवापूर, बोईसर, पालघर असो की पुणे, पालकांच्या कानावर एकच दिलासा पडतो : "घाबरू नका, कोर्टात टाकू, कोर्ट व्हिसा काढून देईल." तारापूर एमआयडीसीत आयुष्य घालवलेला बाप अशा बोलण्यावर विसंबून पीएफला हात लावतो, म्हणून ते ऐकताना चीड येते. कोर्ट व्हिसा काढून देत नाही.

मुळात हे कोर्ट मुंबईतलं नव्हेच. वकिलातीच्या अधिकाऱ्याने त्या नात्याने केलेल्या कामावर यजमान देशाच्या न्यायालयांची सत्ता चालत नाही, हे १९६३च्या व्हिएन्ना कराराच्या ४३व्या कलमात लिहिलेलं आहे. कॅनडाच्या नकाराविरुद्ध दाद मागायची ती कॅनडाच्या फेडरल कोर्टात, आणि तिथेही आधी सुनावणीची परवानगी मागावी लागते.

न्यायाधीश मग काय पाहतात? मुलगा हुशार आहे का, कॉलेज चांगलं आहे का, हे नाही. अधिकाऱ्याने दिलेलं कारण समोरच्या कागदांशी सुसंगत आणि तर्काला धरून आहे का, एवढंच. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २०१९च्या वाव्हिलोव्ह निकालात ही कसोटी घालून दिली.

समजा, बोईसरच्या केमिकल प्लांटमध्ये काही वर्षं काम केलेल्या मुलाने औद्योगिक सुरक्षेच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज केला. परत आल्यावर कोणतं पद देणार, याचं कंपनीचं पत्र फाइलमध्ये आहे. अधिकाऱ्याने मात्र त्या पत्राचा उल्लेखही न करता 'शिक्षण संपल्यावर हा परत जाईल असं वाटत नाही' असा शेरा मारला. इथे केस उभी राहते. नकारपत्रातली ठरावीक वाक्यं वाचून हे कळत नाही. अधिकाऱ्याच्या टिपण्या वाचाव्या लागतात. तेच पत्र अर्जाला जोडायचं राहून गेलं असेल, तर ते आता कोर्टात दाखवून सहसा उपयोग नाही, कारण निकाल अधिकाऱ्यापुढे त्या दिवशी असलेल्या कागदांवर लागतो. वडिलांचं नवं बँक स्टेटमेंट, आयईएल्टीएसचा वाढलेला स्कोअर, सातबारा : हे सगळं नव्या अर्जाचं सामान आहे.

आणि जिंकलात तरी? नकार रद्द होतो, फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. तो व्हिसा देऊ शकतो, तसाच नीट कारणं देऊन पुन्हा नाकारूही शकतो. हे उरलेलं अर्धं सत्य फी घेण्याआधी सांगायला काय हरकत आहे?

मुदतीबद्दलही सैल बोललं जातं. कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयाला ६० दिवस, कॅनडात झालेल्याला १५. कोर्टाची दाखल फी ५० डॉलर. बाकीचा खर्च वकिलाचा. गावातला एजंट सोडाच, कॅनडाचा परवानाधारक इमिग्रेशन सल्लागारही फेडरल कोर्टात उभा राहू शकत नाही. वर्षानुवर्षं लटकतं म्हणावं, तर ऑक्टोबर २०२४पासून या कोर्टाने स्टडी परमिटच्या साध्या केसेससाठी झटपट मार्ग प्रायोगिक तत्त्वावर सुरू केला. त्यात परवानगी आणि निकाल एकत्र होतात.

'सगळ्या देशांत असंच असतं' हेही चूक. अमेरिकेत कॉन्सुलर अधिकाऱ्याच्या नकारात न्यायालयं जवळपास हात घालत नाहीत. तिथल्या सुप्रीम कोर्टाने जून २०२४च्या मुन्योझ निकालात ते पुन्हा बजावलं. ब्रिटनमध्ये आधी २८ दिवसांत प्रशासकीय फेरतपासणी मागायची. जर्मनीने वकिलातीकडे लेखी फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५पासून बंद केली. आता नवा अर्ज किंवा थेट बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा.

कोर्टात गेल्याने नाव काळ्या यादीत जातं, ही भीती निराधार आहे. खरा धोका उलट बाजूला आहे : नव्या अर्जात जुना नकार लपवणं. कॅनडाच्या कायद्यात त्याला चुकीची माहिती देणं म्हणतात, आणि त्यासाठी ५ वर्षं प्रवेशबंदी होते. तो फॉर्म एजंटने भरला होता, हे कारण सहसा ऐकून घेतलं जात नाही.