देवांचे हिट पॉइंट

ओडिन म्हणजे उत्तर युरोपातल्या पुराणकथांमधला सर्वांचा बाप. १९७६ साली अमेरिकेत निघालेल्या एका पातळ पुस्तकानं त्याला ३०० हिट पॉइंट दिले. तेवढे संपले की ओडिन खलास.

पुस्तक होतं 'गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज'. लेखक रॉबर्ट कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये आणलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाची ही चौथी पुरवणी. या खेळाला पट लागत नाही. एक जण डंजन मास्टर होऊन तळघरं, राक्षस, खजिने रचतो. बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्यात शिरतात आणि प्रसंग अटीतटीचा आला की फासे टाकतात. आधीच्या पुरवण्यांनी चोर, मारेकरी, सैतान आणले होते. चौथीनं थेट देवच आणले: इजिप्तचे, ग्रीकांचे आणि आपलेही.

यामागे संपादक टिम कास्क यांचा वैताग होता. काही डंजन मास्टर खजिन्याची अशी खैरात करत की पोरांची पात्रं चाळीस लेव्हलच्या पुढे जात. कास्क यांनी प्रस्तावनेत अशांना टोला हाणला: साक्षात ओडिनचे ३००, तर तुमच्या चव्वेचाळीस लेव्हलच्या सरदाराला कोण भाव देणार?

टोला झकास, पण खरी मेख हिट पॉइंटमध्येच होती. आर्नसन यांनी ही कल्पना आरमारी लढायांच्या खेळातून उचलली होती. लढाऊ जहाज पहिल्याच गोळ्याला बुडत नाही, तसं पात्रही पहिल्या घावाला मरू नये. मूळ नियमांत नवख्या लढवय्याला २ ते ७ हिट पॉइंट मिळतात आणि लागलेला घाव १ ते ६ कापतो, म्हणजे सरासरी साडेतीन. पुढचा हिशेब शाळकरी पोरालाही जमेल: ओडिनला साधारण ८६ घाव. मध्ये बाकीच्या अडचणी कितीही असोत, काम किती आहे ते कळलं! धाक बसावा म्हणून दिलेल्या आकड्यानं देव मारता येतो हेच शिकवलं. अनेक टेबलांवर हे पुस्तक शिकारीची यादी म्हणून वापरलं गेलं. १९८० मध्ये त्याच लेखकांचा 'डीइटीज अँड डेमिगॉड्स' हा जाडजूड अवतार आला, तेव्हा ओडिन ४०० वर पोचला होता. महागाई देवांनाही चुकली नाही.

त्या १९८० च्या पुस्तकात इंद्र, वरुण, यम, सूर्य आहेत. हीच नावं एकत्र वाचायची तर जुन्नरमार्गे घाटघर गाठावं आणि नाणेघाटाच्या लेण्यात शिरावं. सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखाच्या आरंभी इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या लोकपालांना नमन आहे. लेखात आकडे भरपूर आहेत, ब्राह्मी अंकांच्या अभ्यासकांसाठी तर तो खजिनाच. पण ते यज्ञांत दान दिलेल्या गाईंचे, हत्तींचे, कार्षापण नाण्यांचे. देवांच्या वाट्याला नुसतं नमन.

आपल्या देवांना असं मोजणं हा अपमान, असं कुणी म्हणेल. पुराणातला इंद्र मात्र इतक्यांदा हरतो आणि सिंहासन सोडून पळतो की त्याला हरवण्यात नवल नाही. अडचण वेगळी आहे. आपल्याकडची लढाई घाव मोजून निकालात निघत नाही, ती वराच्या अटींवर चालते. हिरण्यकशिपूला माणूस मारणार नाही, पशू मारणार नाही. घरात नाही, बाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही. त्याच्यावर शंभर घाव घातले तरी काही उपयोग नाही. उंबरठा, तिन्हीसांज आणि नरसिंह जुळून यावे लागतात. नियमात पळवाट शोधण्याचा हा खेळ पट्टीच्या डंजन मास्टरलाही घाम फोडेल.

भस्मासुराचं तर विचारूच नका. तिथे मोहिनीनं एकही घाव घातला नाही. तिनं त्याला नाचवलं आणि त्याचाच हात त्याच्या डोक्यावर ठेवायला लावला. हे घडायला फासा कोणता टाकायचा, आणि टाकायचा कुणी, मोहिनीनं की भस्मासुरानं?