जाळीतला ससा

जानेवारी २०२३च्या अखेरीस ईबेवर पाणी विकायला आलं. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडममधली ‘स्प्लॅश माउंटन’ ही राइड २२ जानेवारीला शेवटची चालली होती, आणि तिच्या पन्हळीतलं पाणी कुणीकुणी बाटल्या-बरण्यांत भरून नेलं होतं. काशीहून आणलेला गंगेचा गडू पिढ्यान्‌पिढ्या देवघरात जपणाऱ्या आपण मंडळींनी याला हसू नये.

या राइडवरून वाद त्याआधी अडीच वर्षं पेटलेला होता. मे २०२०मध्ये मिनियापोलिसला पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड मेला आणि अमेरिका रस्त्यावर आली. जूनमध्ये ही राइड बदलून तिला डिस्नेच्या पहिल्या कृष्णवर्णीय राजकन्येचं, टियानाचं रूप द्यावं, या मागणीवर वीस हजारांहून जास्त सह्या झाल्या. २५ जूनला डिस्नेने बदल जाहीर केला आणि काम आधीपासूनच चालू असल्याचं सांगितलं. मग ‘आमचं बालपण हिरावू नका’ म्हणणाऱ्यांच्याही सह्या जमल्या, आणि त्या कितीतरी जास्त होत्या. वर्तमानपत्रांनी हा वंशवाद विरुद्ध स्मरणरंजन असा सरळ सामना करून टाकला. तो तसा होताही. पण राइडचे खरे दर्दी, खिळ्यान्‌खिळ्याची माहिती ठेवणारे, आपसात भांडत होते ते वेगळ्याच मुद्द्यावर. शेवटी पन्नास फुटांवरून खाली पडायचं, ते कशासाठी?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. ओंडक्याच्या आकाराची नाव, पाण्याने वाहणारी पन्हळ आणि शेवटी उतार, हा प्रकार अमेरिकेतल्या लाकूडतोडीच्या धंद्यातून आला. डोंगरावर तोडलेलं लाकूड गिरणीपर्यंत पोचवायला अशा लांबच लांब पन्हळी बांधत. त्यांची करमणुकीची आवृत्ती ॲरो डेव्हलपमेंट या कंपनीने १९६३मध्ये टेक्सासच्या सिक्स फ्लॅग्जमध्ये उभी केली. तिचं नावही स्पॅनिशमध्ये ‘लाकडाची गिरणी’ असंच होतं. तिथे खाली पडायला कारण लागत नव्हतं, ओंडका खालीच जायचा असतो. पंप पाणी वर चढवतात, नाव उतारावर सुटते आणि खालच्या पाण्यावर आपटून थांबते. ज्या फवाऱ्यासाठी लोक तासतास रांगेत उभे राहतात, तो नावेचा ब्रेक आहे.

डिस्नेच्या टोनी बॅक्स्टरला १९८३मध्ये कामावर जाताना ट्रॅफिकमध्ये अडकून पडला असताना सुचलं की या उताराला गोष्ट जोडता येईल. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधल्या ‘बेअर कंट्री’ या कोपऱ्यात तेव्हा फारसं कुणी फिरकत नसे. शिवाय ‘अमेरिका सिंग्ज’ या १९७४च्या कार्यक्रमातले गाणारे यांत्रिक प्राणी ओस पडत चाललेल्या नाट्यगृहात उभे होते. त्यांनाच नव्या डोंगरात कामाला लावायचं ठरलं. (दोन हंस त्याआधीच पिसं काढून ‘स्टार टूर्स’च्या रांगेतले यंत्रमानव झाले होते. जुनं पातळ फाडून गोधडी शिवणारी आजी डिस्नेतही असते.) बॅक्स्टरच्या मनातलं नाव वेगळं होतं. ‘स्प्लॅश’ हे नाव आलं ते कंपनीच्या १९८४च्या जलपरीच्या सिनेमामुळे, साहेबांच्या हट्टापायी. १९८९मध्ये राइड सुरू झाली. आपल्याकडे गोराईचं एस्सेलवर्ल्डही त्याच वर्षीचं. १९९२च्या ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडा आणि टोकियो इथे तिच्या आणखी दोन बहिणी उघडल्या.

गोष्ट होती ब्रर ससोबाची. ‘ब्रर’ म्हणजे ब्रदर, आपल्याकडे भाऊ. घराला कंटाळून ससा बाहेर पडतो, कोल्हा आणि अस्वल मागे लागतात, अखेर कोल्हा त्याला पकडतो. ससा गयावया करतो की भाजून खा, काहीही कर, पण मला त्या काटेरी जाळीत तेवढा फेकू नकोस. कोल्हा अर्थातच त्याला तिथेच फेकतो. आणि ससा तर जाळीतच जन्मलेला, वाढलेला! करवंदीच्या जाळीत हात घातलेल्या कुणालाही यातली गंमत वेगळी सांगायला नको.

आता राइडकडे पाहा. नाव शेवटचा चढ चढू लागते. अंधारात वर बसलेली दोन गिधाडं तुमची टर उडवतात. समोर उजेडाचं भोक, आणि पुढच्या क्षणी तुम्हीच ससा होऊन जाळीत फेकले जाता. भीती खरी, पण ज्याला आपण शिक्षा समजत होतो ती सुटका निघते. अमेरिकेतल्या मुलाकडे जाऊन आलेल्या कितीतरी आईबाबांच्या अल्बममध्ये साडी सावरत किंचाळतानाचा जो फोटो असतो, तो अशाच एखाद्या क्षणी कॅमेऱ्याने टिपलेला असतो. यंत्र आणि कथानक यांचा सांधा इतका बेमालूम जुळलेली राइड मला दुसरी माहीत नाही.

मग हिच्यावर आक्षेप कसला? आक्षेप ज्या दारातून ती आली त्या दारावर होता. ते दार म्हणजे डिस्नेचा १९४६चा ‘साँग ऑफ द साउथ’. जॉर्जियातला मळा, गोऱ्या मुलाला गोष्टी सांगणारा प्रेमळ म्हातारा अंकल रीमस, आणि सगळे कसे सुखात. काळ गुलामगिरीचा की नंतरचा, हेही सिनेमा धड सांगत नाही. कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेचे वॉल्टर व्हाइट यांनी तेव्हाच नापसंती कळवली होती. सिनेमाचा पहिला खेळ अटलांटात झाला, पण रीमसचं काम करणारा जेम्स बास्केट तिथे जाऊ शकला नाही, कारण शहरात वर्णभेदाचे कायदे लागू होते. पुढे त्याला मानद ऑस्कर मिळालं. अमेरिकेच्या चित्रपटगृहांत हा सिनेमा १९८६नंतर पुन्हा लागला नाही आणि तिथे त्याची घरगुती कॅसेटही कधी निघाली नाही. म्हणजे कंपनीला लाज वाटत होतीच. तरी तीनच वर्षांनी तिने त्याच सिनेमावर डोंगर उभा केला.

डोंगर बांधताना मात्र सोवळं पाळलं. म्हातारा रीमस गाळला. मूळ गोष्टीत कोल्हा सशाला पकडतो तो डांबराच्या बाहुलीने. बाहुली बोलत नाही म्हणून ससा चिडून तिला ठोसा मारतो आणि चिकटतो. ‘टार बेबी’ हा शब्द पुढे कृष्णवर्णीयांसाठी शिवी झाला, तेव्हा राइडमध्ये डांबराऐवजी मधाचं पोळं आलं. सांगणारा गेला, सापळा गेला, उरला फक्त ससा.

आणि तो ससा कुणाचा? डिस्नेचा नाही, तसा जोएल चँडलर हॅरिसचाही नाही. हॅरिस हा गोरा पत्रकार. पोरवयात तो टर्नवोल्ड नावाच्या मळ्यावरच्या छापखान्यात उमेदवारी करत होता. संध्याकाळी गुलामांच्या खोपटांत बसून त्याने या गोष्टी ऐकल्या, आणि १८८०मध्ये अंकल रीमसच्या तोंडी घालून पुस्तक छापलं. ज्याच्या हातात ना चाबूक ना कायदा, त्याने धन्याला त्याच्याच अकलेने कसं फसवावं, हे त्या लोकांनी सशाच्या नावाने एकमेकांना सांगून ठेवलं होतं. लेखिका अ‍ॅलिस वॉकर हॅरिसच्याच ईटन्टन गावची. त्याने आपला वारसा चोरला, असा तिचा आरोप आहे. सिनेमा पाहिल्यावर घरात ऐकलेल्या त्याच गोष्टी तिला परक्या वाटू लागल्या.

या सशाच्या पायवाटा आपल्याही अंगणातून जातात, असं मानणारे अभ्यासक आहेत. पंचावुध जातकात तक्षशिलेहून पाच शस्त्रं घेऊन परतणाऱ्या राजपुत्राला जंगलात सिलेसलोम नावाचा यक्ष भेटतो. त्याच्या चिकट केसांना बाण चिकटतात, तलवार चिकटते, मग राजपुत्राचे हात, पाय, शेवटी डोकंही. जोसेफ जेकब्ज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे जातक डांबराच्या बाहुलीशेजारी ठेवलं. पुढे ऑरेलिओ एस्पिनोसा यांनी जगभरातून या कथेची दीडशेहून जास्त रूपं जमवून तिचं मूळ भारतात असल्याचं मांडलं. आफ्रिकेचा दावा तेवढाच तगडा आहे. सशाचा धूर्तपणा तिथल्या कथांत मुरलेला आहे, आणि गुलामांची जहाजं भरत होती ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. पण जाळीची युक्ती? भूरिदत्त जातकातल्या कासवाला काय शिक्षा द्यावी याची चर्चा चालते. कुटावं, भाजावं, शिजवावं. यमुनेत फेकायची गोष्ट निघते तेव्हा ते गयावया करू लागतं, आणि मग त्याला यमुनेतच टाकतात. दुर्गाबाई भागवतांनी ‘सिद्धार्थ जातक’चे सात खंड मराठीत आणले आहेत. ज्याला फवाऱ्यात न भिजता पाण्यात पडायचं असेल त्याने ते उघडावेत.

नवी राइड ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ फ्लोरिडात २८ जून २०२४ला आणि कॅलिफोर्नियात त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला उघडली. पन्हळ तीच, उतार तोच. ज्या लीया चेस या न्यू ऑर्लिन्सच्या नामवंत हॉटेलवालीवरून टियाना सुचली, तिच्या शहराचा इतका अभ्यास झाला की डोंगर लुइझियानातल्या मिठाच्या घुमटासारखा झाला आणि आत कामगारांच्या मालकीची सहकारी खाद्यकंपनी आली. हे वाचून वारणा-प्रवरेचा माणूस सुखावेल! पी. जे. मॉर्टनने नवं गाणं लिहिलं. यांत्रिक पुतळ्यांच्या चेहऱ्यांवरचे भाव थक्क करतात. पहिल्या काही महिन्यांत ती वारंवार बंद पडत होती, पण तो मुद्दा मी सोडून देतो. नव्या यंत्राला दात येताना असा त्रास व्हायचाच.

गोष्टीचं मात्र सोडवत नाही. टियानाकडे मेजवानी आहे, वादक कमी पडलेत, ते दलदलीत शोधायचे. टियानाच्या सिनेमातला खलनायक डॉक्टर फॅसिलिए इथे नाही. त्याच सिनेमातली ममा ओडी जादूने आपल्याला बेडकाएवढं करते, आणि पुन्हा मोठं होण्यासाठी आपण पडतो. रसिकांची तक्रार हीच की कुणी पाठलाग करत नाही, कुणी पकडत नाही, काहीच पणाला लागत नाही. मला ती रास्त वाटते. तिच्या आडून काहींनी टियानाच्या रंगावर गरळ ओकली, हेही तितकंच खरं.

‘साँग ऑफ द साउथ’ पडद्याआड गेला ते बरंच झालं, आणि टियानाला डोंगर मिळाला यात वावगं काहीच नाही. माझी चुटपुट वेगळी आहे. कृष्णवर्णीयांना न्याय म्हणून जे हटवलं, त्यात त्यांच्याच पूर्वजांनी रचलेला ससाही गेला. त्याला रीमसपासून सोडवता येत नव्हतं असं नाही. ज्यूलियस लेस्टर या कृष्णवर्णीय लेखकाने १९८७मध्ये त्याच गोष्टी नव्याने सांगितल्या, जेरी पिंकनी यांनी चित्रं काढली, आणि मळ्यावरचा म्हातारा त्यात लागलाच नाही. टोनी मॉरिसननी तर डांबराची बाहुली थेट कादंबरीच्या नावातच उचलली. डिस्नेला हा रस्ता जमला असता का? जी कंपनी डांबर म्हणायला घाबरून मध म्हणते, तिच्याकडून मला फार आशा नाही.

टोकियोचं पार्क ओरिएंटल लँड या जपानी कंपनीच्या मालकीचं आहे, आणि तिथली स्प्लॅश माउंटन चालूच आहे. रांगेतल्या मुलांसाठी तो फक्त एक ससा आहे. नाव चढ चढते, गिधाडं डिवचतात, आणि वर कोल्ह्याच्या तावडीत ससा जपानीत विनवतो की कुठेही टाक बाबा, पण त्या जाळीत नको.