विद्येचा ध्यास आणि घरची हाक

नालासोपाऱ्याच्या स्थानकावर रोज लोटणाऱ्या गर्दीपासून थोड्याच अंतरावर बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखली जाणारी टेकडी आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये ती खणली, तेव्हा आतून बौद्ध स्तूप आणि अवशेषांची दगडी पेटी निघाली. याच प्राचीन शूर्पारकाचा व्यापारी पूर्ण हा बुद्धाचा शिष्य झाला. ‘दिव्यावदाना’तील कथेनुसार, चंदन आणावयास गेलेल्या भावाचे गलबत वादळात सापडले आणि त्याने पूर्णाचा धावा केला, घरदार सोडलेला तो भिक्षू भावाच्या हाकेला धावून गेला.

बुद्धाच्याच शोधात निघालेल्या धर्मानंद कोसंबी यांची थोरवी गाताना त्यांच्या घरची हाक मात्र आपल्या कानी येत नाही. १८९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पत्नी बाळाबाई व तान्ही माणिक यांना गोव्यात ठेवून ते बाहेर पडले. काशीतील अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पुढे नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा प्रवास घडला. हे सारे विलक्षण खरेच. मराठीतील बौद्धविद्येचा पाया त्यातूनच घातला गेला. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा दाखला हाताशी असल्यामुळे ‘विश्वासघात’ हा शब्द उच्चारण्यास कोणी धजत नाही. परंतु राहुलमाता निदान राजवाड्यात होती! बाळाबाईंच्या वाट्याला माडांच्या बेताच्या उत्पन्नावर चालणारे घर आणि सुमारे सात वर्षांची प्रतीक्षा आली.

१९०६ मध्ये ते परतले. पुढील वर्षी दामोदरचा जन्म झाला. तो तीन वर्षांचाही झाला नव्हता तोच, १९१० मध्ये, वॉरन यांच्या पश्चात अपुऱ्या राहिलेल्या ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी कोसंबी हार्वर्डला गेले. १९१८ मध्ये पुन्हा गेले, तेव्हा माणिक व दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. टाकून गेलेल्या मुलीचे ऋण पित्याने अशा रीतीने काही अंशी फेडले, असे म्हणता येईल. बाळाबाई मागेच राहिल्या.

पहिल्या खेपेस, ग्रंथावर आपल्या श्रमांचा उल्लेख कसा व्हावा यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचे बिनसले आणि १९१२ मध्ये ते परत आले. श्रमाचे श्रेय ज्याचे त्यास मिळावे, हा त्यांचा आग्रह रास्तच होता. कोसंबी १९४७ मध्ये निवर्तले. ग्रंथ १९५० मध्ये निघाला; त्यावर वॉरन आणि कोसंबी अशी दोन नावे आहेत.