रानओळख, लेखांक ७ : वारुळाची अळंबी आणि तिचे तोतये

गेल्या आठवड्यात आपण शेवळं पाहिली. शेवळं नीट निवडली-शिजवली नाहीत तर घसा खाजतो. अळंबीत चूक झाली तर माणूस दगावतो. म्हणून आजचा लेखांक सावकाश वाचा.

मृगाचा पाऊस जमिनीत मुरला, मध्ये चार दिवस ऊन पडलं की दोडामार्गपासून गोव्यातल्या सत्तरीपर्यंत रस्त्याकडेला पानांत गुंडाळलेली अळंबी विकायला येते. विदर्भात सात्या, टेकोडे या नावांनी रानअळंबीचे वाटे लागतात. यातली सर्वांत मानाची ती वारुळाची अळंबी. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते १९४२ मध्ये दिलं. ही बुरशी वाळवीच पिकवते. कामकरी वाळव्या पालापाचोळा, लाकूड खाऊन आणतात आणि आपल्या विष्ठेची भोकाभोकांची पोळी जमिनीखालच्या कोठीत रचतात. त्या पोळीवर बुरशी वाढते, लाकडातला चिवट भाग पचण्याजोगा करते आणि वाळवीचं पोट भरते. पावसाळ्यात त्याच पोळीतून कोंब निघतो, हातभर माती भेदून वर येतो आणि उमलतो. वाळवीशिवाय ती जगत नाही. म्हणूनच धिंगरी किंवा बटण अळंबीसारखी तिची शेती अजून कुणाला साधलेली नाही.

माती भेदायची म्हणून तिच्या टोपीच्या मधोमध टणक, टोकदार उंचवटा असतो. टोपी पूर्ण उमलली तरी तो जात नाही. टोपीची कड जुनी होताना उभी फाटते. खालच्या पातळ पट्ट्या पांढऱ्या, पुढे गुलाबीसर होतात आणि देठाला चिकटत नाहीत. पण खरी ओळख मातीखाली आहे. देठ जमिनीपाशी संपत नाही. मुळासारखा निमुळता होत थेट त्या पोळीपर्यंत उतरतो. बोटभर उंचीच्या अळंबीचं मूळ वीतभर सहज निघतं. बारक्या टोपीची, शेकड्यांनी उगवणारी एक जात याला अपवाद आहे. वाळवीने वर आणून टाकलेल्या पोळीच्या चुऱ्यातूनच ती उगवत असल्याने तिला लांब मूळ नसतं.

आता तोतये. पहिला, आणि सर्वांत जास्त फसवणारा, क्लोरोफिलम मॉलिब्डायटिस. मोठी पांढरी टोपी, वर तपकिरी खवले, देठावर कडं. गवतात, बागेत, मैदानात उगवतो. कोवळेपणी त्याच्या पट्ट्या अगदी पांढऱ्या असतात, नंतर शेवाळी-करड्या होतात. देठाचा बुंधा फुगीर, मूळ नाही. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाबांनी माणूस हैराण होतो. दुसरा, एन्टोलोमा. त्याचे बीजाणूही गुलाबीच, पण पट्ट्या देठाला चिकटलेल्या. तिसरा, हायमेनोपेलिस. यालाही लांब मूळ असतं! ते मात्र पुरलेल्या लाकडाला जाऊन भिडतं, टोपी ओली असताना बुळबुळीत लागते आणि बीजाणू पांढरे असतात. एकाच खुणेवर विसंबू नका असं मी सांगतो ते यासाठीच.

चौथ्याला मात्र क्षमा नाही. अमानिटा. पट्ट्या पांढऱ्या, बीजाणू पांढरे, देठावर बहुधा कडं आणि बुंध्याशी मातीत दडलेली पिशवी किंवा गाठ. सुरीने देठ वरच्या वर कापला की नेमका हाच पुरावा जमिनीत राहतो. अनोळखी अळंबी म्हणूनच कधी कापून आणू नये. बाजूची माती उकरून एक तरी मुळासकट काढून पाहावी.

बीजाणूंचा रंग पाहणं घरीही जमतं. टोपी तोडून, पट्ट्या खाली करून, अर्ध्या पांढऱ्या आणि अर्ध्या काळ्या कागदावर रात्रभर झाकून ठेवा. वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी पडतो, क्लोरोफिलमचा हिरवट, अमानिटाचा पांढरा. नुसत्या पांढऱ्या कागदावर पांढरा ठसा दिसत नाही.

आता, भाजीत लसूण काळी पडली तर विषारी, चांदीचं नाणं काळवंडलं तर विषारी, किड्यांनी खाल्लेली असेल तर चांगली, हे सगळं मनातून काढून टाका. अमानिटाच्या घातक जातींतल्या विषाने ना लसूण काळी पडते ना चांदी. ते उकळून, तळून, वाळवूनही जात नाही आणि गोगलगायी ती अळंबी खुशाल खातात. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन १३ माणसं गेली. त्यांत चहामळ्यांतल्या कष्टकरी कुटुंबांतली माणसं होती.

या विषाची चाल ओळखून ठेवा. पहिले सहा ते बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. दुसऱ्या दिवशी बरं वाटू लागतं आणि घरचे निर्धास्त होतात. तोवर यकृत निकामी व्हायला सुरुवात झालेली असते. तेव्हा हा लेख वाचून कुणी एकट्याने अळंबी शोधून शिजवू नये. गावातल्या जाणत्या माणसाने, तीही त्याच्या ओळखीच्या वारुळावरची, दाखवली तरच घ्या. आणि खाल्ल्यावर त्रास झालाच, तर उतार पडण्याची वाट न पाहता रोग्याला तडक जिल्हा रुग्णालयात न्या. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना न्या, आणि उरलेली अळंबी, निवडताना टाकलेले देठसुद्धा, कागदात बांधून डॉक्टरांच्या हाती द्या.