साउंड कार्डाची पारख आणि आजीच्या ओव्या

आमच्या आजीला जात्यावरच्या किती ओव्या येतात याची मोजदाद कुणी केलेली नाही. गेल्या दिवाळीत मी त्या मोबाइलवर मुद्रित केल्या. वर्ध्याला परतल्यावर ऐकू लागलो तर ओवीच्या शेवटी आजीचा आवाज खाली उतरला की शब्दच हरवत. फोन आपल्या मनाने आवाज कमी-जास्त करतो, त्याचा हा प्रताप. आजी आता थकली आहे, तिला दम लागतो. तेव्हा साउंड कार्ड आणि माइक घ्यायचे ठरले. कापूस विकल्यावर बाबांनी पैसे देण्याचे कबूल केले. निवड चुकली असती तर दुसरे कार्ड येणार नव्हते.

नागपूरच्या एका दुकानात विक्रेत्याने सांगितले, "हे घ्या, 24 बिट, 192 किलोहर्ट्झ, कन्व्हर्टर एकदम स्टुडिओचा!" मी अर्थातच भारावलो, पण पैसे खिशातच ठेवून परतलो.

कन्व्हर्टरचे काम तसे सोपे आहे. माइकमधून येणारी विजेची लहर तो ठराविक वेळाने मोजतो आणि आकड्यांत लिहितो. सीडीसाठी हे मोजमाप सेकंदाला 44,100 वेळा होते. माणसाचा कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले की लहर पुरती हाती लागते. म्हणजे 192 हजारांची गरज आजीच्या ओवीला नाही. बिट म्हणजे मोजपट्टीवरच्या खुणा. 16 बिटांत 65,536 खुणा होतात आणि अगदी हळू व अगदी मोठ्या आवाजात सुमारे 96 डेसिबलचे अंतर मावते. 24 बिटांचे गणित 144 सांगते, पण प्रत्यक्षात चांगली कार्डेही 110 ते 120 च्या आसपास थांबतात, कारण यंत्राची स्वतःची खरखर आड येते.

आता आमचे घर पाहा. पहाटे गाव निजलेले असताना खोलीत 30 डेसिबल धरा, माइकजवळ आजीचा आवाज 80. अंतर पन्नासाचे! एवढे तर साधे कार्डही सहज पेलते. मग 24 बिटांचा उपयोग काय? आवाजाची पातळी थोडी खाली ठेवता येते, म्हणजे आजीने अचानक सूर चढवला तरी आवाज फाटत नाही. हा फायदा खरा आहे.

तरी मन मानेना. दोन मित्रांकडून दोन कार्डे मागून आणली. एक स्वस्त, दुसरे त्याच्या चौपट किमतीचे. एकच ओवी प्रत्येक कार्डातून बाहेर काढून वायरीने त्याच्याच आत घेतली. असे लागोपाठ दहा वेळा केले, म्हणजे दोष असेल तर दहापट वाढावा. मग दोन्हींची पातळी तंतोतंत सारखी केली. हे विसरू नये, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो. मित्राने नावे झाकून 16 वेळा ऐकवले. निदान 12 उत्तरे बरोबर आली असती तर फरक कळतो म्हणता आले असते. माझी 9 आली.

कान माझेच वाईट असतील, अशी शंका मलाही आली. पण अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी असाच मोठा प्रयोग केला होता. तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. उच्च दर्जाचे संगीत कधी थेट, तर कधी सीडीच्या मापाच्या कन्व्हर्टरमधून ऐकवले. 554 पैकी 276 उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी तेवढीच आली असती.

फरक दिसला तो दुसऱ्याच ठिकाणी. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडून प्लगमध्ये 150 ओहमचा रेझिस्टर बसवून घेतला, तो माइकच्या जागी लावला आणि नेहमीच्या गेनवर एक मिनिट शांतता मुद्रित केली. ती मोठी करून ऐकता स्वस्त कार्डात सूं आवाज स्पष्ट होता, महागात कमी. हा दोष कन्व्हर्टरचा नव्हे, त्याच्या आधी माइकचा बारीक आवाज वाढवणाऱ्या भागाचा, म्हणजे प्रीअँपचा. माहितीपत्रकात त्याचा आकडा उणे 128 डीबीयूच्या जवळ असावा. असल्या रेझिस्टरवर उणे 131 च्या फारसे पलीकडे कुणालाच जाता येत नाही, कारण उष्णतेने होणारी खरखर निसर्गाचीच आहे. लॅपटॉपच्या चार्जरमुळे येणारी गुणगुणही याच परीक्षेत सापडली. चार्जर काढताच ती गेली.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यातल्या कित्येक आज 'पारी'वर ऐकता येतात. ऐकताना कन्व्हर्टर कोणता होता हे माझ्या मनातही आले नाही. मी शब्द ऐकत होतो.

शेवटी मधल्या किमतीचे, चांगल्या प्रीअँपचे कार्ड घेतले आणि उरलेले पैसे माइकला लावले. पहिल्याच दिवशी सर्व जोडून, कानाला हेडफोन लावून मी ऐटीत बसलो, तर आजी म्हणाली, "बापू, पयले तो पंखा बंद कर ना, मले माहाच आवाज आयकू येत नाही."

पंखा बंद केला. त्या पहाटे 14 ओव्या झाल्या. आणखी आहेत म्हणते, पण जाते हाती धरल्याशिवाय त्या तिला आठवत नाहीत. तेव्हा जात्याची घरघर माइकमध्ये किती येऊ द्यायची, याच्या खटपटीत सध्या आहे. जात्याखाली जुने पोते टाकून पाहिले, थोडा गुण आला.