नोकरी सोडून सुगंधाचा घरधंदा : आधी गिऱ्हाईक, मग राजीनामा

गुंजी, लोंढा, खानापूर या भागातील पुष्कळ मुलेमुली बेळगावात किंवा गोव्यात नोकरीला आहेत. खोलीभाडे आणि गाडीभाडे वजा जाता हाती थोडेच उरते, आणि इकडे शेतात माणूस मिळत नाही. तेव्हा नोकरी सोडावी आणि घरीच उदबत्ती, धूप किंवा सुवासिक मेणबत्त्या कराव्यात, असा विचार अनेक घरांत निघतो. विचार वाईट नाही. भांडवल थोडे लागते, जागा घरचीच असते, शेतीची कामे सांभाळून घरातल्या सर्वांना हात लावता येतो. पण वास तयार करणे सोपे आणि त्यावर घर चालवणे अवघड. म्हणून या धंद्यात टिकलेल्या माणसांकडे आपण आधी पाहू.

दोन उदाहरणे

महाबळेश्वरचे भावेश भाटिया हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर होते. वयाच्या 23 व्या वर्षी त्यांची दृष्टी गेली आणि नोकरीही गेली. मुंबईत 'नॅब' या अंधांच्या संस्थेत ते मेणबत्त्या करायला शिकले. मग महाबळेश्वरच्या होली क्रॉस चर्चजवळ हातगाडी लावून त्या विकू लागले. गाडीचे भाडे दिवसाला 50 रुपये होते. विक्री कमी होवो की जास्त, दुसऱ्या दिवसाच्या मालासाठी ते रोज 25 रुपये बाजूला काढून ठेवत. 1996 मध्ये त्यांनी 'सनराइज कँडल्स' हा उद्योग उभा केला आणि पुढे त्यातून कितीतरी दृष्टिहीनांना काम मिळाले.

दुसरे उदाहरण मैसूरचे एन. रंगा राव यांचे. कूर्गमधील कॉफीच्या मळ्यातली नोकरी सोडून त्यांनी 1948 मध्ये मैसूरला उदबत्तीचा लहानसा धंदा सुरू केला. त्यांची 'सायकल' उदबत्ती आज घरोघरी आहे. हे नावही विचार करण्यासारखे आहे. कन्नड, मराठी, कोकणी, कोणतीही भाषा बोलणाऱ्याला सायकल म्हटले की कळते. आपल्या सीमाभागात माल विकणाऱ्याने नाव ठेवताना हे लक्षात घ्यावे.

कागदावरचा हिशेब

समजा, एका सुवासिक मेणबत्तीला मेण, वात, सुगंधी तेल आणि डबी मिळून 30 रुपये खर्च आला आणि ती 60 रुपयांना विकली. 30 रुपये सुटले असे वाटते. पण दुकानदार 12 रुपये कमिशन घेणार, वाहतूक आणि फुटतूट यांत 5 रुपये जाणार. उरले 13 रुपये. महिना 12,000 रुपयांची नोकरी सोडायची असेल, तर तेवढे मिळवायला 923 मेणबत्त्या विकल्या पाहिजेत. महिन्यात 25 दिवस काम धरले तर रोज 37. तुमचे आकडे वेगळे असतील, पण भागाकार हाच. रोज 37 करणे जमेल. रोज 37 घेणारे कोण, हे आधी शोधावे.

नाताळ, गावचे फेस्त, 2 नोव्हेंबरला कबरीवर लावायच्या मेणबत्त्या, ही विक्री हमखास असते. पण सणाची विक्री वळवाच्या पावसासारखी. त्या भरवशावर वर्षाचे पीक घेता येत नाही.

कच्चा माल आणि रान

उदबत्तीचा लगदा काडीला धरून राहतो तो जिगटामुळे. जिगट म्हणजे गुळंब, मैदालकडी अशा झाडांच्या सालीची पूड. खोडाभोवतीची साल सगळीकडून सोलली की झाड उभ्याउभ्या वाळते. राळ काढण्यासाठी धुपाच्या बुंध्याला जाळ लावतात, त्यानेही झाड खचते. आपल्या धंद्यासाठी सह्याद्रीचे रान सोलून काढणे शेतकऱ्याला परवडणारे नाही, आणि वनखात्याच्या परवानगीविना तसे करणे गुन्हाही आहे. जिगट पावतीसह विकत घ्यावे.

त्यापेक्षा स्वतःच्या शेतात वाळा लावावा. मुळ्या सुमारे 15 ते 18 महिन्यांत काढणीला येतात. मात्र बांधावरचा वाळा उपटू नये; तो माती धरून ठेवतो. विक्रीसाठी वेगळा वाफा किंवा मातीने भरलेली पोती वापरावीत. धुऊन वाळवलेल्या मुळ्यांची जुडी कपाटात ठेवली की धुराशिवाय सुवास येतो.

मधमाश्या पाळणाऱ्यांनी रिकामे पोळे फेकू नये. ते फडक्यात बांधून गरम पाण्यात ठेवले की मेण वर येते. थंड झाल्यावर त्याची वडी निघते.

घरच्यांची छाती

सुवासिक धूर हाही धूरच. सिंगापूरमध्ये 61,320 चिनी वंशाच्या लोकांची अनेक वर्षे पाहणी झाली. घरात दीर्घकाळ उदबत्ती जाळणाऱ्यांत श्वसनमार्गाच्या काही कर्करोगांचे प्रमाण जास्त आढळले, असे 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून उदबत्ती लावताना खिडकी उघडी असावी. दमेकरी, तान्हे मूल आणि बाळंतीण यांच्या खोलीत ती लावू नये. गिऱ्हाइकालाही हे सांगावे. त्याने विक्री बुडत नाही, विश्वास वाढतो.

करणाऱ्यांनी कोळशाची आणि जिगटाची पूड मिसळताना नाकातोंडावर फडके बांधावे. मेण थेट जाळावर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात मेणाचे भांडे ठेवावे. मेणाने पेट घेतला तर पाणी मुळीच ओतू नये. भडका उडून अंग भाजते. झाकण घालून आग दाबावी आणि चूल बंद करावी. जवळ मूल असू नये.

सुरुवात कशी करावी

पहिले सहा महिने नोकरी सोडू नये. सुटीच्या दिवशी थोडा माल करावा आणि एका वहीत रोजची विक्री, खर्च, उधारी लिहावी. दुसऱ्या खेपेला परत येणारे गिऱ्हाईक किती, ते मोजावे. पहिल्या खेपेला पाहुणेसोयरे भिडेखातर घेतातच. हल्याळच्या कॅनरा बँक-देशपांडे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत अशा धंद्यांचे कोणते वर्ग केव्हा आहेत, याची चौकशी करावी. उद्याच्या मालाचे पैसे वेगळ्या डब्यात ठेवावेत. घरात कितीही नड आली तरी त्या डब्याला हात लावू नये. बियाण्याचे धान्य दळून खाऊ नये, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. सहा महिन्यांच्या वहीत पगाराइतकी शिल्लक दिसली, तर राजीनामा खुशाल द्यावा. निम्मीच दिसली, तर नोकरी ठेवावी आणि धंदा जोडधंदा म्हणून चालवावा. त्यातही कमीपणा नाही.